निवडणूक लढवली म्हणून विकिपीडियावर पान मिळतं का?

पालिका निवडणुकीच्या मतदानाला आठवडा राहिला होता. आमच्या लालबागच्या बिल्डिंगमधला एक मुलगा रात्री साडेदहाला दारात उभा राहिला. गळ्यात पक्षाचा पट्टा, हातात प्लॅस्टिकची जाडजूड फाइल, दिवसभर जिने चढून पायांचे तुकडे पडलेले. "ताई, तुम्ही विकिपीडियावर लिहिता ना? आमच्या भाऊंचं पान करून द्या. परवापर्यंत झालं तर बरं. आमदारांचं नाव गुगलवर टाकलं की उजव्या बाजूला फोटोसकट सगळं येतं. भाऊंचं टाकलं की भलत्याच माणसाचं फेसबुक निघतं."

भाऊ म्हणजे आमच्या प्रभागातले उमेदवार. मी त्यांना वीस वर्षं ओळखते. अडल्यानडल्याला धावून येणारा माणूस. तरीही त्या रात्री मी पान केलं नाही. मुलगा रागावला नाही, पण त्याचा चेहरा पडला आणि तो पडलेला चेहरा मला बराच वेळ छळत राहिला. "का नाही?" या त्याच्या प्रश्नाचं उत्तर दारात उभ्या उभ्या देता येण्यासारखं नव्हतं, म्हणून हे सगळं लिहून काढते आहे.

१५ जानेवारी २०२६ ला मुंबईत मतदान झालं. २२७ जागा आणि सुमारे १,७०० उमेदवार. योगायोग असा की १५ जानेवारी २००१ ला सुरू झालेल्या विकिपीडियाला त्याच दिवशी २५ वर्षं पूर्ण झाली. त्या १,७०० जणांपैकी किती जणांचं पान असावं? सगळ्यांचं, निवडून आलेल्या २२७ जणांचं, की कुणाचंच नाही?

पान कोण ठरवतं?

आपल्याकडे ज्ञानकोशांची मोठी परंपरा आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढला. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. तिथे कुणावर नोंद लिहायची, ती किती ओळींची असावी, हे संपादक मंडळ ठरवायचं. मंडळातली माणसं जाणकार होती आणि त्यांचं नाव खंडावर छापलेलं असायचं. चूक झाली तर जाब कुणाला विचारायचा हे माहीत होतं.

विकिपीडियावर असं मंडळ नाही. इथे मी लिहू शकते, तुम्ही लिहू शकता, भाऊंचे विरोधकही लिहू शकतात. लिहिणाऱ्याची पदवी कुणी विचारत नाही, मग वाचणाऱ्याने विश्वास कशावर ठेवायचा? त्यासाठी एक सोपी अट घातलेली आहे. स्वतःच्या मनचं काही लिहायचं नाही. जे आधीच कुठेतरी जबाबदारीने छापून आलं आहे, तेच आपल्या शब्दांत मांडायचं आणि कुठून घेतलं ते खाली द्यायचं. मराठी विकिपीडिया वाचताना वाक्याच्या शेवटी 'संदर्भ हवा' असं बारीक अक्षरात दिसतं, ते यासाठीच.

या अटीतूनच पुढचा प्रश्न येतो. एखाद्या माणसाबद्दल असं आधी छापलेलं पुरेसं नसेलच, तर पानावर लिहायचं काय?

स्थळाची चौकशी

पान असावं की नसावं हे ठरवण्याच्या कसोटीला विकिपीडियावर 'उल्लेखनीयता' म्हणतात. शब्द जरा फसवा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं की माणूस उल्लेख करण्याच्या लायकीचा आहे की नाही, यावर निकाल दिला जातोय. तसं काही नाही. त्या माणसाबद्दल, त्याच्याशी लागेबांधे नसलेल्या आणि भरवसा ठेवण्याजोग्या ठिकाणी, सविस्तर लिहून आलं आहे का, एवढंच इथे पाहतात. स्वतंत्र, विश्वासार्ह, सविस्तर. आणि तेही एकाच ठिकाणी नव्हे, निरनिराळ्या ठिकाणी.

हे आपल्याला नवीन नाही. मुलीसाठी स्थळ आलं की आपण काय करतो? मुलाने स्वतः लिहिलेला बायोडेटा वाचतो, पण त्यावर लग्न ठरवत नाही. मुलाची आई म्हणते, "आमचा बाळ फार गुणी." ऐकून घेतो, पण तेही धरत नाही. मग मामाला त्या मुलाच्या ऑफिसात पाठवतो, त्याच्या चाळीतल्या जुन्या शेजाऱ्यांशी बोलतो, कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारतो. वाणी नुसतं म्हणाला, "हो, येता-जाता दिसतो," तर त्याचा उपयोग शून्य. तोच वाणी दहा मिनिटं बोलला, बापाच्या आजारपणात मुलाने काय केलं ते सांगितलं, उधारी कधी थकवली तेही सांगितलं, तर ते बोलणं कामाचं.

उमेदवाराची वेबसाइट म्हणजे बायोडेटा. पक्षाचं पत्रक म्हणजे आईचं कौतुक. उमेदवारांच्या यादीत आलेलं नाव म्हणजे "येता-जाता दिसतो". आणि एखाद्या वार्ताहराने चार ठिकाणी फिरून, बाजूचं आणि विरोधातलं दोन्ही ऐकून लिहिलेला लेख म्हणजे त्या वाण्याची दहा मिनिटं.

दोन दरवाजे

राजकारणातल्या माणसांसाठी इंग्रजी विकिपीडियाने या कसोटीशिवाय एक जास्तीचा नियम केला आहे. देशपातळीवरचं किंवा राज्यपातळीवरचं पद भूषवलेली माणसं, म्हणजे खासदार, आमदार, मंत्री, उल्लेखनीय धरली जातात. निवडून आले पण शपथ व्हायची आहे, तरी चालतं. नगरसेवकासारख्या स्थानिक पदावरच्या माणसाला किंवा निवडून न आलेल्या उमेदवाराला मात्र केवळ त्या कारणाने पान मिळत नाही. त्यांच्यासाठी वरची चौकशीची कसोटी आहेच. ती पार केली तर तेही आत.

म्हणजे आत यायला दोन दरवाजे झाले. एक पदाचा, दुसरा लिहून आलेल्या मजकुराचा.

मुंबईच्याच एका निकालात हे दोन्ही दरवाजे शेजारी शेजारी दिसतात. पहिल्या लोकसभा निवडणुकीत, १९५२ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई शहर उत्तर मतदारसंघातून उभे राहिले आणि पडले. काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर निवडून आले. काजरोळकर खासदार झाले, म्हणून पदाच्या दरवाजातून त्यांचं पान होतं. बाबासाहेब त्या निवडणुकीत 'निवडून न आलेले उमेदवार' होते. त्यांना पदाचा दरवाजा लागतच नाही, त्यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकांनी कपाटं भरतात. पडलेला उमेदवार म्हणून पान नाकारलं जातं, हा समज किती चुकीचा आहे हे यावरून कळतं. पडल्यामुळे पान जात नाही. उभं राहिल्यामुळे पान येत नाही, एवढंच.

दुसरं नाव मृणाल गोरे यांचं. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या, आमदार झाल्या १९७२ मध्ये आणि खासदार १९७७ मध्ये. पण गोरेगावच्या पाण्यासाठीच्या लढ्याने त्यांना 'पाणीवाली बाई' हे नाव मिळालं ते पदामुळे नव्हे. इंदिरा गांधी पडल्या आणि मृणालताई जिंकल्या तेव्हा 'पाणीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा मुंबईभर गाजली. त्या पुढे आमदार-खासदार झाल्या नसत्या, तरी पाण्याच्या लढ्याबद्दल जे लिहून आलं त्यावर त्यांचं पान उभं राहिलं असतं.

फाइल उघडली

मुलाला मी आत बोलावलं, चहा टाकला आणि फाइल टेबलावर पसरली. चाळीसेक कात्रणं असतील, सगळी नीट चिकटवलेली. एकेक करून आम्ही पाहत गेलो.

पहिलं कात्रण प्रभागवार उमेदवारांच्या यादीचं. भाऊंच्या नावाखाली पेनाने रेघ मारलेली. नाव आलंय, माहिती काही नाही. बाजूला.

दुसरं पानभर, रंगीत. भाऊ हात जोडून उभे, खाली 'कार्यसम्राट' आणि चौदा शुभेच्छुकांची नावं. वाढदिवसाची पुरवणी. मजकूर बातमीसारखा रचलेला होता, पण वरच्या कोपऱ्यात भिंगाने वाचावं इतक्या बारीक अक्षरात 'जाहिरात' असं होतं. मुलाला ते दिसलंच नव्हतं.

मग रक्तदान शिबिर, वह्यावाटप, बॉक्स क्रिकेटचा चषक. फोटोत अकरा माणसं, भाऊ डावीकडून चौथे. कार्यक्रम झाला हे कळतं, माणूस कळत नाही.

नंतर पाणीटंचाईची बातमी. लांबलचक होती आणि तिच्यात भाऊंचं दोन वाक्यांचं म्हणणं होतं. बातमी पाण्यावरची, भाऊंवरची नाही. स्थानिक चॅनेलवरच्या मुलाखतीची चिठ्ठीही होती. पण मुलाखतीत माणूस स्वतःबद्दल स्वतःच बोलतो, म्हणजे पुन्हा बायोडेटाच.

फाइलच्या अगदी तळाशी, वेगळ्या पिशवीत, पिवळं पडलेलं अर्ध्या पानाचं कात्रण निघालं. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाने अर्ज मागवले, तेव्हाचं. १९८२ च्या संपात ज्यांची नोकरी गेली त्यांच्या बायका, मुलं कागदपत्रं घेऊन वणवण फिरत होती, आणि भाऊंनी मंडळाच्या खोलीत टेबल टाकून रोज संध्याकाळी त्यांचे अर्ज भरून द्यायला सुरुवात केली होती. वार्ताहर दोन संध्याकाळी तिथे बसला होता. कुणाचं तिकीट, म्हणजे गिरणीतली कामगाराची ओळख, हरवलंय, कुणाच्या नावाचं स्पेलिंग गिरणीच्या दप्तरात वेगळं आहे, सगळं त्याने लिहिलं होतं. एका बाईची तक्रारही होती, की भाऊ आपल्या गल्लीतल्या लोकांना आधी घेतात.

"हे कात्रण तळाशी का ठेवलंस?" मी विचारलं.

"त्यात तक्रार आहे ना, ताई."

मी त्याला म्हटलं, चाळीसांतलं हेच एक कामाचं आहे. तक्रार आहे म्हणूनच त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. लिहिणाऱ्याने भाऊंचा फायदा-तोटा पाहिलेला नाही, दिसलं ते लिहिलंय. असे आणखी दोन-तीन लेख, वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले, असते तर मी त्याच रात्री पान लिहायला बसले असते. आणि ते पान 'उमेदवार' म्हणून नसतं, गिरणी कामगारांच्या घरांसाठी खपलेला कार्यकर्ता म्हणून असतं.

बातमीचं सोंग घेतलेली जाहिरात

वाढदिवसाच्या त्या पुरवणीवर जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडे हा रोग जुना आहे. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर 'पेड न्यूज', म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेली जाहिरात, हा शब्द घरोघरी गेला. एकाच नेत्याचा गौरव करणारा तोच मजकूर निरनिराळ्या वृत्तपत्रांत शब्दशः छापून आल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केलं. २०११ मध्ये उत्तर प्रदेशातल्या आमदार उमलेश यादव यांना निवडणूक आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. कारण हेच, बातमीच्या रूपातल्या जाहिरातीचा खर्च त्यांनी निवडणूक खर्चात दाखवला नव्हता.

त्यामुळे भारतीय वृत्तपत्रांतला मजकूर वापरताना पैसे देऊन छापलेलं नाही ना हे तपासा, अशी खास सूचना इंग्रजी विकिपीडियाने संपादकांना देऊन ठेवली आहे. हे वाचून वाईट वाटतं. आपल्या मेहनती वार्ताहरांच्या खऱ्या बातम्यांकडेही मग संशयाने पाहिलं जातं, आणि त्याची किंमत प्रामाणिक उमेदवार मोजतो.

"पैसे लागतील तर सांगा," असं मुलाने मलाही विचारलं होतं. विकिपीडियावर पैसे घेऊन लिहिणं सरसकट बंद नाही. पण कुणाकडून घेतले हे जाहीर करावं लागतं, २०१४ पासून ती वापराची अटच आहे. लपवून केलं तर खातं बंद होऊ शकतं. 'हमखास पान बनवून देऊ' अशा जाहिराती करणाऱ्यांच्या हातात हजारो रुपये ठेवणाऱ्या कार्यकर्त्यांची मला काळजी वाटते. असं पान आठवड्याभरात उडालं की पैसे परत मागायला तोंड राहत नाही.

"जागेला काय तोटा? ठेवलं पान तर बिघडलं कुठे?"

केतकरांना कागद मोजावा लागत होता, इथे तसं काही नाही. मग कंजुषी कशाला?

कागद भरपूर आहे, लक्ष ठेवणारी माणसं मोजकी आहेत. विकिपीडियाचं पान म्हणजे रस्त्याकडेची भिंत आहे. आज तुम्ही तिच्यावर स्वच्छ अक्षरात परिचय लिहिलात, उद्या कुणीही येऊन त्याखाली काहीही लिहील. प्रसिद्ध माणसाच्या पानावर शेकडो संपादकांची नजर असते, खोडसाळ ओळ काही मिनिटांत पुसली जाते. प्रभाग स्तरावरच्या उमेदवाराच्या पानाकडे मतदानानंतर कोण फिरकणार?

२००५ साली अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार जॉन सीगेनथॅलर यांच्या पानावर कुणीतरी खोटं लिहून ठेवलं, की केनेडी यांच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता. ते चार महिने तसंच राहिलं. सीगेनथॅलर नावाजलेले होते, त्यांनी वृत्तपत्रात लेख लिहून जगाला सांगितलं. आमच्या भाऊंबद्दल 'अमुक गुन्ह्यात अटक' अशी खोटी ओळ कुणी टाकली आणि गुगलने ती उजव्या बाजूच्या चौकटीत उचलली, तर मुलीचं लग्न ठरवताना समोरचे तीच वाचणार. मुलाला वाटत होतं की पान नाकारून मी भाऊंवर अन्याय करते आहे. मला मात्र भाऊंच्या घराचं दार सताड उघडं टाकल्यासारखं वाटत होतं.

"मग ४८ मतांनी हरलेल्याचं काय?"

हा आक्षेप मला स्वतःला बोचतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघात रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ मतं पडली आणि अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६. फरक फक्त ४८. चाळीच्या एका मजल्यावर याहून जास्त मतदार राहतात. एकाला पदाचा दरवाजा उघडतो, दुसऱ्याला नाही. साडेचार लाख लोकांनी ज्याच्यावर विश्वास टाकला तो ज्ञानकोशासाठी कुणीच नाही का?

उत्तर असं की पदाचा दरवाजा हा अंदाजाचा नियम आहे. खासदार झालेल्या माणसाबद्दल आज ना उद्या भरपूर लिहून येतंच, सभागृहातलं कामकाज नोंदलेलं असतं, म्हणून त्याला आधीच आत घेतात. हरलेल्याबद्दल असा अंदाज बांधता येत नाही, म्हणून त्याची चौकशी होते. आणि ४८ मतांचा निकाल लागला की फेरमोजणी, वाद, कोर्टकचेरी, या सगळ्यांवर इतकं छापून येतं की दुसरा दरवाजाही किलकिला होतो. तिथे संपादकांना एकच सावधगिरी घ्यावी लागते. माणूस एकाच प्रसंगामुळे गाजला असेल तर माणसाचं स्वतंत्र पान न करता त्या निवडणुकीच्या पानातच त्याची हकीकत लिहायची. मग कुणी त्याचं नाव शोधलं की ते आपोआप निवडणुकीच्या पानावर जातं. याला पुनर्निर्देशन म्हणतात. दुकान बंद असलं की दारावर 'चौकशी शेजारच्या गाळ्यात' अशी चिठ्ठी लावतात, तसं.

"नगरसेवकाला एवढं कमी लेखायचं?"

मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. देशातल्या कित्येक लहान राज्यांना एवढा पैसा दिसत नाही. मग छोट्या राज्यातला आमदार थेट आत आणि मुंबईचा नगरसेवक बाहेर, हे कसं?

इथे नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुंबई नव्हती, असं माझं मत आहे. जगभरातल्या लहान-मोठ्या सगळ्या शहरांना एकच माप लावलं की असं होणारच. पण नियमात वाव आहे. ज्यांच्याबद्दल भरपूर लिहून आलं आहे असे महत्त्वाचे स्थानिक नेते आत येऊ शकतात. मुंबईचे महापौर, स्थायी समितीचे गाजलेले अध्यक्ष, एखाद्या प्रश्नावर शहर हलवणारे नगरसेवक त्यात बसतात. शिवाय प्रत्येक भाषेच्या विकिपीडियाचे नियम त्या भाषेतले संपादक ठरवतात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून सुरू आहे, त्याची स्वतःची चावडी आहे, म्हणजे संपादकांनी एकत्र बसून बोलायची जागा. मुंबईच्या नगरसेवकांबद्दल मराठीत वेगळा विचार व्हावा असं वाटत असेल तर तो मुद्दा तिथे मांडता येतो. मांडायला माणसं कमी पडतात, हे दुखणं आहे.

"आमचे शंभर कार्यकर्ते मत देतील!"

पान काढायचं की ठेवायचं यावर इंग्रजी विकिपीडियावर सर्वसाधारणपणे सात दिवस उघडपणे चर्चा होते. कुणीही भाग घेऊ शकतं. मात्र तिथे हात मोजत नाहीत, मुद्दे तोलतात. शंभर जणांनी 'पान ठेवा, भाऊ चांगले आहेत' असं लिहिलं आणि एकाने दोन भक्कम लेखांचे संदर्भ दिले, तर वजन त्या एकाचं. एकाच माणसाने दहा खाती काढून लिहिलं तर ते बोगस मतदानच, आणि ते बहुतेक वेळा पकडलं जातं. शेवटी ज्येष्ठ संपादक, ज्यांना मराठीत प्रचालक म्हणतात, चर्चा वाचून निर्णय देतात.

ज्यांच्याबद्दल कमी छापलं जातं, त्यांचं काय?

या व्यवस्थेतला खरा दोष इथे आहे, आणि मी तो लपवणार नाही. विकिपीडिया वृत्तपत्रांच्या मागे चालतो. वृत्तपत्रं ज्यांच्याकडे पाहत नाहीत, ते विकिपीडियालाही दिसत नाहीत.

२०१८ च्या मे महिन्यात कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरच्या पानाचा मसुदा पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत म्हणून परत पाठवला गेला. २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल जाहीर झालं. त्यांच्याबरोबर मानकरी ठरलेले जेरार मुरू यांचं पान कितीतरी वर्षं आधीपासून होतं. २०२० मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यातून सिनेटसाठी उभ्या राहिलेल्या थेरेसा ग्रीनफिल्ड यांचं पान असावं की नसावं हा वाद बरेच महिने चालला. त्यांच्या प्रतिस्पर्धी विद्यमान सिनेटर होत्या, म्हणून त्यांचं पान तयारच होतं. मतदाराने दोन्ही नावं शोधली की एकीची अख्खी कारकीर्द दिसणार आणि दुसरीचं काही नाही. मुलाने दारात उभं राहून मला सांगितलं ते हेच होतं. पदावर असलेल्याला मिळणारा हा फायदा खरा आहे, त्यावर माझ्याकडे पुरेपूर उत्तर नाही.

आपल्याकडे त्यात घराण्याची भर पडते. नियम म्हणतो, उल्लेखनीयता वारशाने मिळत नाही. खरं आहे, पण प्रसिद्धी वारशाने मिळते. नेत्याच्या मुलाने पहिला अर्ज भरला की त्याच्यावर रकाने भरून येतात, आणि ते रकाने विकिपीडियावर स्वतंत्र संदर्भ म्हणून चालतात. राखीव प्रभागातून पहिल्यांदा उभी राहिलेली, दहा वर्षं बचत गट चालवणारी बाई मात्र यादीतल्या एका ओळीत उरते. तिच्यावर दोन चांगले लेख वार्ताहरांनी लिहिले, तर विकिपीडियाचं दार आपोआप उघडेल. दुरुस्ती मुळात तिथे व्हायला हवी.

एक गैरसमज मात्र जाता जाता दूर करते. संदर्भ इंग्रजीच हवेत असं अजिबात नाही. मराठी वृत्तपत्र, साप्ताहिक, पुस्तक, सगळं चालतं, इंग्रजी विकिपीडियावरसुद्धा. ते इंटरनेटवर असायलाच हवं असंही नाही. वृत्तपत्राचं नाव, तारीख आणि पान क्रमांक दिला तरी पुरतं.

मतदाराने मग पाहायचं कुठे?

मतदाराची सोय विकिपीडियाशिवायही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं असतं, आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. पालिकेच्या उमेदवारांनाही राज्य निवडणूक आयोगाकडे असं प्रतिज्ञापत्र भरावं लागतं. मत देण्यापूर्वी ते वाचावं, असं मी घरोघरी सांगते.

"मग त्या प्रतिज्ञापत्रावरूनच पान लिहा की," असं मुलगा म्हणाला होता. ते उमेदवाराने स्वतः भरलेलं असतं, म्हणजे अखेर स्टॅम्पपेपरवरचा बायोडेटा. शिवाय त्यातले नुसते खटल्यांचे क्रमांक उचलून पानावर टाकले, तर सुटलेला माणूसही कायमचा आरोपी दिसत राहतो.

निकालानंतर चार दिवसांनी मुलगा पुन्हा आला. भाऊ पडले होते. या वेळी गळ्यात पट्टा नव्हता आणि घाईही नव्हती. पिवळ्या कात्रणाची पिशवी त्याने माझ्यापुढे ठेवली. कापताना तारखेची पट्टी गेली आहे, वृत्तपत्राचं नावही अर्धंच उरलंय. भाऊंना वर्ष आठवत नाही, पण पावसाळा होता आणि मंडळाच्या खोलीत पाणी गळत होतं, एवढं ते म्हणाले. गिरणी कामगारांच्या एका जुन्या मासिकातही कुणीतरी त्या टेबलाबद्दल लिहिलं होतं, असं त्याच्या आजीला आठवतंय. येत्या शनिवारी आम्ही दोघं दादरच्या ग्रंथालयात जाऊन जून ते सप्टेंबरचे अंक एकेक करून पाहणार आहोत.